शब्दचर्चा: 'कबुली', 'पत्करणे', 'पदरी घेणे' आणि हिटलरच्या काळातली एक मंडळी

दौतटाक

नमस्कार मंडळी. (हा शब्द खाली अडचणीचा ठरणार आहे, म्हणून आत्ताच बिनधास्त वापरून घेतो.)

एका दिवाळी अंकासाठी लेख लिहितोय. हिटलरच्या जर्मनीत थोडी ख्रिस्ती माणसं राजवटीच्या आड उभी राहिली. पक्ष नाही, हत्यार नाही, श्रद्धा एवढंच भांडवल, असा विषय. तिसऱ्या परिच्छेदात गाडी रुतली आहे.

१९३४ च्या मे महिन्यात बार्मेन इथे (आता तो वुपरटाल शहराचा भाग आहे) प्रॉटेस्टंट चर्चांचे १३९ प्रतिनिधी जमले आणि त्यांनी सहा कलमांचा जाहीरनामा मंजूर केला. 'जर्मन ख्रिश्चन' म्हणवणाऱ्या नाझीधार्जिण्या गटाने चर्चचा ताबा घेतला होता, त्याविरुद्ध. बार्मेनवाल्यांच्या बाजूला नाव पडलं 'बेकेनेंडे किर्शे'. इंग्रजीत 'कन्फेसिंग चर्च'.

आता मराठीत काय? माझ्या पहिल्या खर्ड्यात 'कबुलीजबाब देणारे चर्च' असं होतं. बायकोने खर्डा वाचला आणि विचारलं, "काय केलं होतं त्यांनी?"

शब्द सुचवा. लेख महिनाअखेर द्यायचा आहे.

नगरवाला

बायकोचं बरोबर आहे. 'कबुलीजबाब' म्हटलं की डोळ्यांपुढे पोलीस चौकी येते.

मी नगरच्या जुन्या मिशन कंपाउंडात वाढलो. आजीला मराठी बायबलातल्या मत्तयाच्या शुभवर्तमानाचा दहावा अध्याय तोंडपाठ होता. बत्तिसाव्या वचनात, जो मला माणसांसमोर 'पत्करील' त्याला मीही पित्यासमोर 'पत्करीन', असं येशू म्हणतो. लगेच पुढच्या वचनात, जो मला 'नाकारील' त्याला मीही 'नाकारीन'. लहानपणी वाटायचं, पत्करायचं म्हणजे काहीतरी जड उचलायचं. मोठेपणी कळलं की तसंच आहे.

गंमत पुढे आहे. मूळ ग्रीक क्रियापद 'होमोलोगेइन', म्हणजे शब्दशः 'तेच म्हणणे', एका सुरात बोलणे. हे एकच क्रियापद नव्या करारात अनेकदा येतं आणि त्यातल्या तीन ठिकाणी आपल्या मराठी बायबलने त्याला तीन वेगळे शब्द दिलेत. मत्तयात 'पत्करणे'. रोमकरांच्या पत्रात, दहाव्या अध्यायात, येशू प्रभू आहे असं मुखाने 'कबूल करशील'. आणि योहानाच्या पहिल्या पत्रात, आपण आपली पापे 'पदरी घेतली' तर. लूथरच्या जर्मन बायबलात तिन्हीकडे एकच: 'बेकेनेन'.

म्हणजे जर्मन माणसाला श्रद्धा सांगणं आणि पाप सांगणं एकाच शब्दात ऐकू येतं. आपल्याकडे त्या शब्दाच्या तीन वाटण्या झाल्या. तुमच्या मंडळींनी १९३४ मध्ये काय केलं? पाप सांगितलं नाही. माणसांसमोर ख्रिस्ताला पत्करलं. म्हणून 'पत्करणारी मंडळी'. आमच्याकडे 'मंडळी' म्हणजेच चर्च, म्हणजे इमारत नव्हे, माणसं. 'किर्शे'ला याहून चांगला शब्द नाही.

काळा कोट

'आमची मंडळी माहेरी गेली आहेत' असं म्हणणारी पिढी अजून हयात आहे. अंकाचे निम्मे वाचक तीच.

फौजदारी वकिली करतो म्हणून कबुलीजबाबाबद्दल दोन ओळी. जुन्या पुरावा कायद्याच्या कलम २५ प्रमाणे पोलीस अधिकाऱ्यापुढे दिलेला कबुलीजबाब आरोपीविरुद्ध वापरता येत नाही. नव्या कायद्यातही तत्त्व तेच आहे. मत्तयाचा दहावा अध्याय नेमका उलटा: सत्तेपुढे उभं राहून दिलेली कबुली तीच ग्राह्य, घरात बसून दिलेली नाही.

मात्र 'कबूल' या शब्दाला दोष देऊ नका. मूळ अरबीत तो निव्वळ 'स्वीकार' आहे. निकाहात 'कबूल है' म्हणणारा कुठल्या गुन्ह्याची कबुली देत असतो? (विवाहित सभासदांनी उत्तर देऊ नये.) कसायला जमीन घेणारा 'कबुलायत' लिहून द्यायचा, त्यातही गुन्हा नव्हता. कचेरी आणि फौजदारीने हा शब्द नासवला.

तुळसवृंदावन

'अंगीकार' का नको? 'अंगीकार ज्याचा केला नारायणें' हे तर घरोघरी माहीत आहे. शिवाय त्यात 'अंग' आहे. तोंडाने म्हणणं वेगळं, अंगावर घेणं वेगळं.

नगरवाला

शब्द देखणा आहे, आणि आमच्याकडे वापरातही आहे: उपासनेत म्हणतो तो 'विश्वासांगीकार'. पण तो म्हणायच्या पाठाचं नाव झालाय. रविवारी उभं राहून एका दमात म्हणायचा आणि खाली बसायचं. बार्मेनला जे झालं ते त्या दमातलं नव्हतं. आणि तुम्ही दिलेल्या ओळीत अंगीकार करणारा देव आहे, माणूस नाही. मत्तयाच्या त्या वचनाचा उत्तरार्ध म्हणा हवं तर. 'अंगीकारणारी मंडळी' उच्चारून बघा, कवळी असेल तर जपून.

शंकेखोर

नगरवाला, 'पत्करणे' तुम्हाला एवढा शूर शब्द वाटतो, पण मराठी माणूस सगळ्यात जास्त काय पत्करतो? शरणागती. धोका पत्करतात, वैर पत्करतात, तशी मांडलिकीही पत्करतात. लुडविग म्युलर १९३३ मध्ये राइशचा बिशप, म्हणजे नाझीधार्जिण्या चर्चचा प्रमुख झाला, त्यानेही पत्करलंच की. हिटलरला.

आणि दौतटाक, लेखात आरती ओवाळू नका. बार्मेनच्या सहा कलमांत ज्यूंचं नाव एकदाही नाही. आधीच्या सप्टेंबरात प्रशियाच्या चर्चसभेने 'आर्य कलम' लागू केलं होतं, ज्यू वंशाच्या पाळकांना काढायचं म्हणून. मार्टिन नीमोलरने पाळकांचा आपत्कालीन संघ काढला तो त्यावरून, आणि १९३४ च्या सुरुवातीला त्यात सुमारे सात हजार पाळक होते. पण ते भांडत होते बाप्तिस्मा झालेल्यांसाठी. शेजारच्या सिनेगॉगमधल्या माणसासाठी नव्हे. खुद्द नीमोलरने १९३३ मध्ये नाझींना मत दिलं होतं. 'आधी ते अमक्यांसाठी आले, मी गप्प राहिलो' हे त्याचं बोलणं व्हॉट्सअ‍ॅपवर रोज फिरतं, पण त्यातला 'मी' खरा आहे हे कुणाच्या ध्यानात येत नाही. तो माणूस जगाला उपदेश करत नव्हता, स्वतःबद्दल सांगत होता.

अजून एक नाव घ्या: फ्रीडरिश व्हाइसलर. कायदेपंडित, ज्यू वंशाचा, बाप्तिस्मा झालेला, याच मंडळींच्या कचेरीत कामाला. १९३६ मध्ये मंडळींनी हिटलरला एक निवेदन पाठवलं. त्यात ज्यूद्वेषाविरुद्ध स्पष्ट लिहिलं होतं. ते परदेशी वर्तमानपत्रांत फुटलं. व्हाइसलरला धरलं आणि १९३७ च्या फेब्रुवारीत साक्सेनहाउसेनच्या छावणीत हाल करून मारलं. तो पकडला गेल्यावर मंडळींचे पुढारी त्याच्यापासून अंग चोरून राहिले. आता सांगा, कोणी कोणाला पत्करलं?

दौतटाक

शंकेखोर, हे सगळं लेखात यायलाच हवं. व्हाइसलर माझ्या टिपणात नव्हता. येईल.

पण मग प्रश्न शब्दाच्या पलीकडे जातो. श्रद्धेने नक्की काय दिलं?

नगरवाला

शंकेखोरांचा एकही मुद्दा खोडता येत नाही, आणि खोडायचाही नाही. बार्मेनचा मसुदा लिहिणारा धर्मपंडित कार्ल बार्ट, त्याने १९६७ मध्ये याच मंडळींतला पाळक दीट्रिश बोनहोफर याच्या चरित्रकाराला पत्र लिहून हेच सांगितलं: ज्यूंचा प्रश्न मी बार्मेनमध्ये ठाम मांडला नाही, हा माझा दोष.

आता श्रद्धेने काय दिलं ते. जाहीरनाम्याची घडण बघा. प्रत्येक कलमात आधी बायबलचं वचन, मग 'आम्ही हे मानतो', आणि शेवटी 'आम्ही ही खोटी शिकवण फेरव्हेर्फेन करतो'. त्या क्रियापदाच्या पोटात 'फेकणे' आहे. मराठीत मी 'झिडकारतो' म्हणेन. म्हणजे तिथे पत्करणे एकटं येतच नाही, जोडीला झिडकारणे असतंच. शंकेखोर विचारतात, म्युलरनेही पत्करलं की. हो, पण त्याने झिडकारलं काय? काहीच नाही. त्याला ख्रिस्तही हवा होता आणि फ्यूररही.

पहिलं कलम म्हणतं, जगताना आणि मरताना ऐकायचं ते एकाच वचनाचं, ख्रिस्ताचं. दुसरं म्हणतं, आयुष्याचा कुठलाही कोपरा दुसऱ्या धन्याच्या मालकीचा नाही. पाचवं कलम सरळ राज्यसत्तेवर आहे: राज्याने माणसाच्या आयुष्याची एकमेव आणि सगळी व्यवस्था आपणच व्हायचं म्हटलं, तर ते आम्ही झिडकारतो. फॅसिझमची भूकच ती असते. त्याला कर आणि सलाम पुरत नाही, माणूस आख्खा लागतो. आणि इथे पाळक सांगतायत की माणूस आधीच दुसऱ्याच्या नावावर चढलेला आहे, सातबारा तपासा. त्यात ना लोकशाहीचा जयजयकार होता, ना क्रांतीची हाक. ज्याला आपण राजकारण म्हणतो तसं त्यात फार थोडं होतं. म्हणूनच त्याचा काटा नाझींना सहज काढता येईना, आणि म्हणूनच ज्यूंपर्यंत त्याचा हात पोचला नाही. दोन्ही एकाच कारणाने.

जाता जाता: मसुदा फ्रँकफुर्टच्या एका हॉटेलात झाला. समितीत तिघे. दोन ल्यूथरन सभासद दुपारी झोपले होते, तेवढ्यात रिफॉर्म्ड पंथाच्या बार्टने कडक कॉफी आणि एकदोन ब्राझिलियन चिरुटांवर तो लिहून काढला. नंतर तो म्हणायचा, ल्यूथरन चर्च झोपलं होतं आणि रिफॉर्म्ड चर्च जागं होतं. पुण्याच्या वाचकांनी दुपारच्या झोपेचे तोटे लक्षात घ्यावेत.

वसईकर

प्रॉटेस्टंट मंडळींच्या गप्पांत एक कॅथलिक घुसतोय.

माझी आत्या गोव्यात दिली आहे. तिथे कोकणीत फादरांपुढे पापं सांगण्याला 'कुमसार' म्हणतात, पोर्तुगिजांकडून आलेला शब्द. तो फक्त पापांपुरता. कुमसारला गेलेला माणूस पडद्याआड कुजबुजतो. बार्मेनच्या कामाचा नाही.

पण एक दुसरा शब्द तपासा. लेखात बोनहोफरला 'हुतात्मा' म्हणणार असाल तर थांबा. हुतात्मा म्हणजे ज्याने स्वतःची आहुती दिली तो. आपल्याला लगेच फ्लोरा फाउंटन आणि संयुक्त महाराष्ट्र आठवतो. ग्रीक 'मार्तिस'चा अर्थ नुसता 'साक्षीदार'. आमच्याकडे 'रक्तसाक्षी' म्हणतात. वसईचे संत गोन्सालो गार्सिया, ५ फेब्रुवारी १५९७ ला नागासाकीत क्रुसावर गेले, ते रक्तसाक्षी. आहुतीत मरणाला महत्त्व आहे, साक्षीत बोलण्याला. मरण ही त्या बोलण्याची किंमत.

ऑस्ट्रियातला फ्रान्झ येगरश्टेटर घ्या. सांक्ट राडेगुंड गावचा शेतकरी, देवळाची झाडलोट आणि घंटा बघणारा. १९३८ मध्ये ऑस्ट्रिया जर्मनीत जोडायच्या सार्वमतात गावात विरोधी मत देणारा एकटा. १९४३ मध्ये त्याने सैन्यात हत्यार धरायला नकार दिला. शुश्रूषापथकात काम करीन म्हणाला, ते ऐकलं नाही. आमच्याच बिशपने त्याला समजावलं की सरकारच्या कृत्यांची जबाबदारी तुझ्यावर नाही, बायकापोरांचं बघ. ९ ऑगस्ट १९४३ ला त्याचा शिरच्छेद झाला. २००७ मध्ये पोपने त्याला धन्यवादित (संतपदाच्या आधीची पायरी) घोषित केलं. मधली ६४ वर्षं मोजा.

तर दौतटाक, श्रद्धेने नक्की काय दिलं, हे विचारताना चर्चने काय दिलं हे वेगळं विचारा. त्या शेतकऱ्याला श्रद्धेने नकार दिला. चर्चने सल्ला दिला.

एल्बेकाठ

हाम्बुर्गहून. इथे बारा वर्षं आहे, 'बेकेनेन' रोज कानावर पडतो म्हणून लिहितो.

न्यायालयात 'गुन्हा कबूल' म्हणायला हेच क्रियापद. पत्त्यांत 'फार्बे बेकेनेन' म्हणजे रंग दाखवणे: उतारी आली त्या रंगाचं पान टाकणे. त्यावरून रोजच्या बोलण्यात 'कुठल्या बाजूचा ते एकदाचं सांग'. आपल्याकडे मेंढीकोटात रंग लपवणाऱ्याला काय म्हणतात ते इथे लिहिता येणार नाही. थोडक्यात, 'पत्करणे'ला माझं मत, पण त्यात 'उघड' हवं. 'उघड पत्करणारी'.

आणि बोनहोफरचं ते प्रसिद्ध वाक्य घेणार असालच, तर जपून. १९३३ च्या एप्रिलमध्ये त्याने लिहिलं की चर्चपुढे तीन वाटा आहेत: राज्याला जाब विचारणे, चाकाखाली आलेल्यांची सेवा करणे, आणि तिसरी, चाकाच्या आऱ्यांतच पडणे. मराठीत लोक 'चाकाला खीळ घालणे' करतील. तिथेच अर्थ निसटतो. खीळ घालणारा बाजूला उभा राहतो, लाकडाचा तुकडा आत जातो. जर्मनमध्ये माणूस स्वतः आऱ्यांत पडतो. बारा वर्षांनी, ९ एप्रिल १९४५ ला, फ्लोसेनब्युर्गच्या छावणीत त्याला फाशी दिलं. वाक्य अक्षरशः घ्या.

शंकेखोर

मान्य. मग विरोधाला 'सत्याग्रह' म्हणण्याचा मोह मात्र आवरा. बोनहोफरला गांधीजींकडे यायचं होतं, १९३४ च्या नोव्हेंबरात गांधीजींनी त्याला पत्र लिहून बोलावलंही होतं. तो आला नाही. जर्मनीत परतून पाळक घडवायच्या शाळेला लागला, आणि पुढे हिटलरच्या खुनाच्या कटात सामील असलेल्यांबरोबर गेला. सत्याग्रह या शब्दात ते बसत नाही.

उलट तुमच्या 'पत्करणे'ला मीच पुरावा देतो. त्याच्या तुरुंगातल्या पत्रांच्या जर्मन पुस्तकाचं नाव 'विरोध आणि शरणागती' अशा अर्थाचं आहे. १९४४ च्या फेब्रुवारीतल्या एका पत्रात तो हेच चाचपतो: कुठवर झगडायचं आणि कुठून पुढे वाट्याला आलेलं स्वीकारायचं. जर्मनला दोन शब्द लागले. मराठीत धोका पत्करतात आणि शरणागतीही पत्करतात. मी ज्याला दोष म्हटलं होतं तो बहुधा गुण आहे. एवढंच, पुन्हा अशी माघार घेणार नाही.

खडूफळा

मी शाळेत शिकवते, म्हणून मला एलिझाबेथ श्मित्स आठवते. बर्लिनमधली शिक्षिका. १९३५-३६ मध्ये तिने जर्मनीतल्या ज्यूंच्या हालअपेष्टांवर एक मोठं निवेदन लिहून याच मंडळींपुढे ठेवलं. त्यावर नाव नव्हतं. १९३८ च्या नोव्हेंबरात सिनेगॉग जळाले, त्यानंतर तिने नोकरी सोडली: हे सरकार म्हणतं तसं शिकवणं मला जमणार नाही. ज्यूंना घरात आसराही दिला. ते निवेदन तिचं होतं हे १९९९ मध्ये सिद्ध झालं. ती १९७७ मध्येच गेली होती.

आता मत्तयाचं वचन तिला लावा. 'माणसांसमोर' पत्करलं का? कागदावर नाव नाही. मग बार्मेनला सगळ्यांसमोर जे मंजूर झालं त्यात ज्यू नाहीत, आणि जिच्या कागदात ज्यू आहेत तिची सही नाही. एल्बेकाठ म्हणतात तो 'उघड' शब्द मला त्यामुळे खटकतो.

एल्बेकाठ

'उघड' मागे घेतो.

दौतटाक

'पत्करणारी मंडळी' नक्की. 'रक्तसाक्षी'ही नक्की, पहिल्यांदा येईल तिथे अर्ध्या ओळीत अर्थ देतो.

पण आता दुसरं गाडं अडलं. ऑक्टोबर १९४५, स्टुटगार्ट. युद्ध संपलेलं. नीमोलर आठ वर्षं कोठडीत आणि छावण्यांत काढून आलेला. चर्चचे अकरा पुढारी सही करून जो कागद देतात, त्याला जर्मनमध्ये 'शुल्डबेकेंटनिस' म्हणतात. म्हणजे दोषाचं बेकेनेन. पुन्हा तोच शब्द! आणि आतलं मुख्य वाक्य असं: आम्ही स्वतःवर आरोप ठेवतो, की आम्ही अधिक धैर्याने 'बेकेनेन' केलं नाही, अधिक निष्ठेने प्रार्थना केली नाही, अधिक आनंदाने विश्वास ठेवला नाही, अधिक उत्कटतेने प्रेम केलं नाही.

नगरवाला, इथे तुमचं 'पापे पदरी घेणे' वापरावं म्हणतो. पण घरी विचारलं तर उत्तर आलं, "पाप पदरी घेणं म्हणजे पाप करणं. कशाला त्या गरिबाला छळून पाप पदरी घेतोस, असं नाही का म्हणत?"

नगरवाला

घरचं पुन्हा बरोबर आहे. बायबलबाहेरच्या मराठीत 'पाप पदरी घेणे' म्हणजे पाप जोडणे. आमच्याकडे ते मान्य करण्याच्या अर्थी रुळलं, आणि आम्हाला त्यात विचित्र काही वाटत नाही. पण 'चूक पदरात घेणे' तर सगळीकडे आहे. तिथे पाप काढा, 'दोष पदरी घेतला' लिहा. घोळ मिटला.

काळा कोट

मिटला नाही. 'चूक पदरात घेणे' वेगळं आणि 'चूक पदरात घालणे' वेगळं. दुसऱ्यात समोरच्याने दाखवून दिल्यावर झक मारत मान्य करायची असते. स्टुटगार्टला परदेशी चर्चांचे प्रतिनिधी येऊन बसले होते ना? तेव्हा जर्मनीत कित्येकांनी ओरड केली की हा दोष आमच्या पदरात घातलाय. मग शब्द कुठला घेणार?

खडूफळा

आणि त्या कागदातही ज्यूंचं नाव नाही.

दौतटाक

नाही. तेही लिहिलंय.

तर आत्तापुरतं असं ठरवलं. स्टुटगार्टच्या परिच्छेदात सह्या करणाऱ्यांच्या तोंडी 'पदरी घेतला', ओरडणाऱ्यांच्या तोंडी 'पदरात घातला', आणि दोन्ही शब्द एकाच वाक्यात, वाचकाला ऐकू जाईल असे. आतलं वाक्य: 'आम्ही अधिक धैर्याने पत्करलं नाही.' काय पत्करलं नाही, ते कर्म मुद्दाम सोडलं आहे. जर्मनमध्येही ते नाही.

मसुदा संपादकांना पाठवला. त्यांचा एकच शेरा आला: 'पत्करणे' की 'पतकरणे'? जुन्या कोशात 'पतकरणें' आहे म्हणे. नगरवाला, आजीच्या बायबलात कसं छापलं होतं ते बघून सांगाल का? शुक्रवारपर्यंत चालेल.